खडी चाळायला वेळ कोण देणार?

रविवारी सकाळी आमच्या घरात चहाच्या आधी एक प्रश्न विचारला जातो, "अहो, आज मेगाब्लॉक कुठे आहे?" साखरपुडा डोंबिवलीला असतो, ब्लॉकही नेमका तिकडेच असतो. मग मुलाबाळांना आणि आहेराच्या पिशव्यांना घेऊन रिक्षा, बस असा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. मध्य रेल्वे त्याला मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वे जम्बो ब्लॉक. शिव्या दोघांनाही सारख्याच पडतात आणि त्यांत माझाही वाटा भरपूर आहे. पण त्या चार-पाच तासांत रुळांवर नेमके काय चालते, हे विचारण्याची तसदी आपण सहसा घेत नाही.

पुष्कळदा तिथे खडी चाळली जात असते. रुळांखाली पसरलेली ही खडी म्हणजे नुसती भर नव्हे. गाडीचे ओझे रुळावरून स्लीपरवर आणि स्लीपरवरून खडीवर येते. खडी ते पसरवून खालच्या मातीला सोसेल इतके करते. पावसाचे पाणी तिच्या फटींतून निचरून जाते. उन्हाने तापून प्रसरण पावू पाहणाऱ्या, मैलोन्‌मैल एकसंध जोडलेल्या रुळांना वाकू न देता जागच्या जागी धरून ठेवते तीही खडीच. आपल्याकडे त्यासाठी 20 ते 65 मि.मी. आकाराचे, टोकदार कडांचे दगड लागतात. नदीतला गुळगुळीत गोटा चालत नाही, कारण कडा एकमेकींत अडकल्या तरच थर घट्ट बसतो. पण हजारो गाड्यांच्या दणक्याने त्या कडा झिजतात आणि दगडाचे पीठ होते. वरून कोळशाची भुकटी पडते, खालून माती वर येते. खानदेश-विदर्भाच्या काळ्या मातीत तर पावसाळ्यात रुळ दबला की चिखलाची पिचकारी उडते. मुंबईत यात आणखी भर पडते ती रुळांलगतच्या वस्त्यांतून आणि डब्यांच्या खिडक्यांतून भिरकावलेल्या पिशव्यांची. फटी बुजल्या की पाणी साचते, रुळाची पातळी बिघडते आणि गाडी डुलू लागते. म्हणून दर दहा वर्षांत निदान एकदा सगळी खडी खणून, चाळून पुन्हा भरावी, असा रेल्वेचाच दंडक आहे.

हे काम पूर्वी हातांनी होई. 1986 च्या सुमारास बँकेने मला भुसावळला धाडले होते. दिवाळीनंतरच्या थंडीत, खोलीवरून शाखेत जाताना वाटेत गँगमनांची टोळी दिसे. पहारी, पंजे, घमेली आणि चाळण्या. दोन स्लीपरांमधली खडी उपसायची, चाळायची, माती बाजूला फेकायची, दगड पुन्हा भरायचे. मुकादमाने शिट्टी वाजवली की सगळे बाजूला. गाडी सावकाश निघून जाई आणि पुन्हा पंजे सुरू. दिवसभरात टोळी किती पुढे सरकली हे मी एकदा पावलांनी मोजले होते आणि उगीच मोजले असे मला वाटले. त्यांतल्या काहींची पगाराची खाती आमच्याच शाखेत होती. पैसे काढायच्या चिठ्ठीवर अंगठा देताना त्यांच्या बोटांच्या रेषा शाईत उमटत नसत, इतके हात घासलेले.

आज हे काम करणारे यंत्र पिवळ्या रंगाचे आणि आगगाडीच्या डब्यापेक्षा लांब असते. ऑस्ट्रियाच्या प्लासर अँड थॉयरर कंपनीची ही रचना. तिची भारतीय कंपनी फरिदाबादला आहे. आधी रुळांखाली आडवा चर खणतात, त्यात दांडा सरकवून दातेरी साखळी जोडतात. यंत्र चालू लागले की ती साखळी रुळ न उखडता स्लीपरांखालची सगळी खडी खरवडून वर नेते. वर थरथरत्या चाळण्या असतात. चांगले दगड पट्ट्यावरून पुन्हा रुळांत पडतात आणि मळ दुसऱ्या पट्ट्याने बाजूला फेकला जातो. मुंबईत मार्गांना मार्ग खेटलेले, फेकायला जागाच नाही, म्हणून तो वाघिणींत भरून न्यावा लागतो. मागून खडी ठोकून बसवणारे यंत्र येते, त्यामागे रुळाला हादरे देऊन थर स्थिर करणारे. एवढे होऊनही सुरुवातीला गाड्यांना तिथे ताशी 20 कि.मी.सारखी वेगमर्यादा असते. ताजी भरलेली खडी घट्ट व्हायला काही दिवस जातात.

खरी गोम आहे ती वेळेची. यंत्राने स्टेशनातून कामाच्या जागी पोहोचायचे, साखळी जोडायची, शेवटी ती सोडवून मार्ग मोकळा करायचा. दोन तासांचा ब्लॉक मिळाला तर त्यातला मोठा भाग या तयारीतच जातो. काम नीट व्हायला सलग तीन-चार तास हवेत आणि तेच कुणी देत नाही. नियंत्रण कक्षातल्या माणसालाही दोष देता येत नाही. मेल अर्धा तास उशिरा आली की त्याला जाब विचारतात. खडी न चाळल्याबद्दल त्या दिवशी कुणी विचारत नाही.

महालेखापरीक्षकांनी 2022 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात 2017-18 ते 2020-21 या काळातल्या गाड्या घसरण्याच्या घटना तपासल्या आहेत. रुळांवर काम करणारी यंत्रे बसून का राहिली, याची कारणे त्यात आहेत. 32 टक्के वाटा वाहतूक विभागाने ब्लॉक न दिल्याचा, 30 टक्के विभागांनी ब्लॉकचे नियोजनच न केल्याचा. काम नव्हते म्हणून यंत्र थांबले, असे फक्त 3 टक्के. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून यंत्र घ्यायचे आणि ते सायडिंगवर उभे ठेवायचे! बँकेत एखाद्या कर्जदाराने हे केले असते तर आम्ही त्याला नोटीस काढली असती.

त्याच अहवालातला दुसरा आकडा माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला अधिक बोचला. 2017-18 पासून राष्ट्रीय रेल संरक्षा कोश सुरू झाला. त्यात दरसाल 15,000 कोटी सरकारने आणि 5,000 कोटी रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून घालायचे होते. चार वर्षांत रेल्वेकडून यायच्या 20,000 कोटींपैकी 15,775 कोटी आलेच नाहीत. मार्चअखेर नफा दिसावा म्हणून तरतूद पुढे ढकलणारे शाखाधिकारी मी पाहिले आहेत. ताळेबंद त्या वर्षी छान दिसतो. खडीतला मळ तर कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

ब्लॉक न मिळाल्यावर काय होऊ शकते, हे उत्तर प्रदेशात खतौलीजवळ 19 ऑगस्ट 2017 रोजी दिसले. तिथे काम खडीचे नव्हते, रुळाच्या दुरुस्तीचे होते. पण ब्लॉक हाती नसताना ते सुरू होते आणि त्याच मार्गावर उत्कल एक्स्प्रेस भरधाव आली. 20 हून अधिक प्रवासी दगावले. तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी काही दिवसांतच राजीनाम्याची तयारी दाखवली. त्यानंतर देखभालीला अधिक वेळ देण्याचे ठरले, गाड्या उशिरा धावू लागल्या आणि लगेच ओरड झाली. ती ओरड आपलीच होती.

2023 च्या अखेरीस रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत दुरुस्ती होऊन 'रोलिंग ब्लॉक' आला. म्हणजे कामांचे वेळापत्रक आगाऊ ठरवून ते पुढे सरकवत राहायचे. पाऊल योग्य आहे. पण त्याचबरोबर प्रत्येक विभागाने किती तास मागितले गेले, किती दिले आणि यंत्र प्रत्यक्षात किती तास चालले, हे दरमहा स्टेशनावर लावावे. मेगाब्लॉकची सूचना रविवारी लावतात, त्याच फळ्यावर जागा आहे. डोंबिवलीच्या साखरपुड्याला पोहोचायला दीड तास उशीर झाला, तर त्या दीड तासात खडी किती मीटर चाळली गेली, एवढे तरी पाहुण्यांना सांगता येईल.