बाळसे की सूज?

मडके घ्यायचे ते वाजवून, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. माणसाची छाती वाजवून पाहण्याची रीत मात्र युरोपात छापून आली ती १७६१ साली. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टराने ती सांगितली. तो खाणावळवाल्याचा मुलगा. बापाची दारूची पिंपे ठोकून किती भरली आहेत ते पाहता पाहता त्याला हे सुचले, असे म्हणतात. पुढे १८१६ साली लेनेक याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले आणि स्टेथोस्कोपाचा जन्म झाला.

पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे. नर्सबाईंची विद्या या चार क्रियापदांत मावते! पोटापुरता क्रम बदलतो. हात लावल्याने आतड्यांचे आवाज बदलतात, म्हणून तिथे आधी ऐकायचे.

डहाणू म्हटले की आपल्याला चिकू आठवतात. पण पूर्वेकडे तलासरीच्या वाटेला लागले की वारल्यांचे पाडे येतात. तिथे यंत्रे लांब, हात जवळ. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का पाहायचे. घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे. वर्षावरच्या मुलाचे ४० वा अधिक भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईलाही डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकवतात, कारण ती काही तासांत सुजून जिवावर बेतू शकते.

अशाच एका पाड्यावर आजी मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बाई, पोर आता भरलंय बघा." नर्सबाईंनी हात चोळून ऊन केले, पोराच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबले, तीन मोजले आणि उचलले. दोन खळगे तसेच राहिले.

मी मराठी शिकवतो. बाळसे हा आपल्या भाषेतला किती गोड शब्द! पण ही सूज उपासमारीची होती, आणि तराजूला ती कळत नाही. अंगातल्या पाण्याचेही वजन भरते.

"आजच दवाखान्यात न्यायला हवं," बाई म्हणाल्या.

आई गप्प. मग हळूच म्हणाली, "दिवाळी झाली की भट्टीवर जायचं आहे. उचल घेतलीय."

"जा की. पण आधी हा. मी येते बरोबर."

आई कपडे गोळा करायला आत गेली. आजीने तेवढ्यात पोराचे पाऊल मांडीवर घेतले, स्वतःचा अंगठा दाबून पाहिला, आणि मग अंगणात खेळणाऱ्या दुसऱ्या नातवाला हाक मारली.