साहेब म्हणजे कोण?

गेल्या महिन्यात मी वर्गाला दहा शब्द दिले होते. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. त्यात एक शब्द होता ‘साहेब’. चौथीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘साहेब म्हणजे जे जागेवर नसतात ते.’ आणि वाक्य? ‘पप्पा तीनदा गेले पण साहेब होते.’

मी आधी हसले. मग लाल पेन तसंच हातात राहिलं. तिचे पप्पा आमच्या कामतघरात लूमवर काम करतात. एक पाळी बुडली की त्या दिवसाची मजुरी गेली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांचे तीन खाडे झाले होते, आणि दर वेळी उत्तर एकच, ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ आता सांगा, मी तिचा अर्थ चूक द्यायचा की बरोबर?

म्हणून म्हटलं, आज या साहेब लोकांच्या शब्दांचीच झडती घेऊ. तशी साहेबांमध्येही उतरंड असते. वरच्या, अगदी वरच्या अधिकाऱ्यांसाठी इंग्रजी वर्तमानपत्रांत एक गमतीदार शब्द येतो, मँडरिन. ‘दिल्लीतले मँडरिन राजी नाहीत’ अशा अर्थाची वाक्यं तिथे छापून येतात. हा शब्द कारकुनासाठी नाही, निवडून आलेल्या मंत्र्यासाठीही नाही. मंत्री येतात नि जातात, पण फाइल कुठून निघते आणि कुठे अडते हे ज्यांना तोंडपाठ असतं, त्या बड्या सचिवांसाठी तो वापरतात. त्यात थोडा मान असतो आणि बराचसा चिमटा!

वर्गात हा शब्द सांगितला तर एकजण ओरडला, ‘बाई, ती तर चिनी भाषा!’ दुसरी म्हणाली, ‘संत्र्याची जात!’ दोघंही बरोबर. आपलं नागपूरचं संत्रंसुद्धा मँडरिन जातीचंच. पण शब्द मुळात चिनी नाही बरं का. तो निघाला आपल्याकडून. संस्कृतातला ‘मन्त्रिन्’, म्हणजे सल्ला देणारा, समुद्र ओलांडून मलाया देशी गेला आणि तिथे ‘मन्तरी’ झाला. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकलं. त्यांच्या कानावर हा शब्द पडला. त्यांच्या भाषेत ‘मांदार’ म्हणजे हुकूम करणं. झालं! सल्ला देणारा मंत्री आणि हुकूम सोडणारा अंमलदार यांची त्यांच्या तोंडात खिचडी झाली आणि ‘मांदारिम’ तयार झाला. पुढे चीनमधल्या सरकारी अधिकाऱ्यांना ते याच नावाने ओळखू लागले, आणि हे अधिकारी आपसांत जी बोली बोलत तिलाही तेच नाव पडलं.

हे चिनी अधिकारी व्हायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. परीक्षांमागून परीक्षा! जिल्ह्याची, प्रांताची, राजधानीची आणि शेवटी राजवाड्यातली. प्रांताच्या परीक्षेला एकेका उमेदवाराला इवल्याशा खोलीत बसवत. लिहायचं तिथे, खायचं तिथे, झोपायचंही तिथेच. पास झालेल्याच्या झग्यावर छातीशी पक्ष्याचं चित्र भरलेलं असे. सगळ्यात वरच्या दर्जाला करकोचा. एक नियम मात्र मला फार आवडला. आपल्या स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळत नसे. का, ते तुम्हीच ओळखा. १९०५ साली या परीक्षा बंद झाल्या.

आपल्याकडे अशा बड्या अधिकाऱ्यांना सनदी अधिकारी म्हणतात. सनद म्हणजे अधिकारपत्र, करारपत्र. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरच्या नोकरांना नजराणे घेणार नाही असा करार लिहून द्यावा लागे, त्यावरून ते सनदी नोकर. (लिहून घ्यावं लागलं, यातच सगळं आलं!) १८५५ पासून या नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली, पण लंडनला. कित्येक वर्षं इथल्या मुलांना बोटीने जाऊन ती द्यावी लागे. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली या परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. म्हणजे सनदीचे मंत्री झाले, शब्द फिरून मुळाशी आला म्हणा ना! आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी ते मंत्रिपद सोडलं.

मंत्री आणि सचिव यांची अदलाबदल आपल्याकडे जुनीच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनावं बदलून संस्कृत दिली. सुरनीस झाले सचिव, वाकनीस झाले मंत्री. तेव्हाचा मंत्री महाराजांच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवी. आज नोंदी ठेवतात सचिव आणि सही करतात मंत्री. मुंबईत राज्य सरकारची मोठी इमारत आहे ना, तिचं नाव आधी सचिवालय होतं. १९७५ मध्ये ते मंत्रालय केलं. इमारत तीच, पाटी बदलली. पाटीमुळे आतलं किती बदललं, हे घरी मोठ्या माणसांना विचारा. चांगली चर्चा होईल.

अजून एक शब्द, नोकरशहा. हा फोडून बघा. नोकर अधिक शहा. शहा म्हणजे बादशहा. कुणाचा नोकर? तुमचा-आमचा. आणि बादशहा कुणावर? तेही तुमच्या-आमच्यावरच! एवढा तिरकस शब्द मराठीत दुसरा क्वचितच असेल. वाक्यात जपून वापरा मात्र. ‘माझे काका नोकरशहा आहेत’ असं पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगाल तर काका रागावतील. तिथे ‘सनदी अधिकारी’ म्हणायचं.

नोकरशाहीला इंग्रजीत ब्यूरोक्रसी म्हणतात. यातला ‘ब्यूरो’ फ्रेंच आहे, आणि मुळात तो काय माहीत आहे? कापड! लिहायच्या टेबलावर पसरायचं जाडंभरडं लोकरी कापड. कापडावरून टेबल, टेबलावरून खोली, खोलीवरून कचेरी आणि कचेरीवरून कचेरीचं राज्य. आपल्या पेशवे दप्तरातले कागदही कापडी रुमालांतच बांधलेले. भिवंडीच्या पोरांनी हे ऐकलं तेव्हा वर्गात नुसता गलका झाला. एकजण म्हणाला, ‘म्हणजे बाई, साहेबांच्या टेबलाखालचं कापड आपलंच!’ टेबलाखालचं नव्हे रे, टेबलावरचं, असं मी म्हटलं, तर मागच्या बाकावरचे दोघे उगीचच खुदखुदले. हल्ली मुलांना सगळं कळतं.

ती चौथीतली मुलगी मात्र गप्प होती. सुटीत जवळ आली नि म्हणाली, ‘बाई, करकोच्याचं चित्र असलं की साहेब लांबून ओळखू येत असतील ना? मग पप्पांना विचारत बसावं लागलं नसतं.’

तिच्या पप्पांना चौथ्या खेपेला दाखला मिळाला. साहेब जागेवर होते. त्यांनी दोन मिनिटांत सही केली आणि ‘बसा’ असंही म्हणाले. तिने दुसऱ्या दिवशी वही पुढे केली नि विचारलं, आता अर्थ बदलू का? मी म्हटलं, तूच ठरव. तिने बराच वेळ पेन्सिल चावली. मग जुनं वाक्य न खोडता त्याच्यात एकच शब्द घुसवला, ‘साहेब म्हणजे जे जागेवर कधीकधी नसतात ते.’

मी बरोबरची खूण केली.