अकरा केसपेपर

बाप मेला तेव्हा घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. पिशवीत रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, बाबासाहेबांचा एक जुना फोटो आणि अकरा केसपेपर.

वय ५१. मानोरा तालुक्यातला भूमिहीन बौद्ध मजूर. २०१९ च्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या वावरात डवऱ्यामागं चालता चालता धुऱ्यावर बसला, तो एका अंगानं लुळा पडला. तिसऱ्या दिवशी संपला. शेवटी ज्या मोठ्या दवाखान्यात नेला, तिथल्या डॉक्टरनं मायला विचारलं, बीपीची गोळी चालू होती का? माय म्हणाली, "गोळ्या तं लय खाल्ल्या साहेब त्यायनं. कायच्या व्हत्या ते कोणी सांगतलंच नाही."

ते अकरा कागद मी इतक्यांदा वाचले की पाठ झाले. डोकं दुखतं, चक्कर. डोकं दुखतं, अंधारी. डोकं दुखतं, अशक्तपणा. खाली त्याच त्या गोळ्या: पॅरासिटामॉल, बी-कॉम्प्लेक्स, कधी कॅल्शियम, कधी ॲसिडिटीची. दोन वर्षांत अकरा वेळा माणूस रोज बुडवून सरकारी दाराशी गेला. अकरांपैकी एकाही कागदावर बीपीचा आकडा नाही. एकदाही कुणी त्याच्या दंडाला पट्टा बांधला नाही. सह्या मात्र सहा वेगवेगळ्या डॉक्टरांच्या.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे त्या एका दवाखान्याच्या मागं लागतील आणि बाकीचे सुटतील.

मी मुंबईला गोदीत अंगमेहनत करतो. शिक्षण दहावी. कविता लिहितो, पण आज कविता लिहायची नाही, हिशोब लिहायचा आहे. गोदीत पेटी मोजायला टॅलीवाला असतो. पेटी फुटली, गोणी भिजली तर सर्वेअर येतो, कुणाच्या हातून काय झालं त्याचा कागद होतो, मालकाला भरपाई मिळते. दवाखान्याच्या रजिस्टरात फक्त टॅली असते. माझा बाप तिथं अकरा वेळा ‘लाभार्थी’ झाला. आत काय फुटलं होतं ते कुणी पाहिलं नाही आणि फुटल्यावर सर्वेअर आला नाही.

आमच्या अभ्यासवर्गाला नर्सिंग शिकणारी एक मैत्रीण येते. तिनं एकदा एक अभ्यास समजावून सांगितला. लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ नावाच्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात तो २०१८ साली आला. १३७ गरीब आणि मध्यम देशांतली २०१६ सालची मरणं घेतली. उपचार नीट मिळता तर टळली असती अशी ८६ लाख मरणं निघाली. त्यातली ३६ लाख माणसं उपचारापर्यंत पोचलीच नव्हती. आणि ५० लाख पोचली होती. दारात गेली, रांगेत उभी राहिली, कागद काढला, गोळ्या घेतल्या आणि मेली, कारण मिळालेला उपचार निकृष्ट होता. एकट्या भारतात पोचून मेलेले सुमारे १६ लाख. न पोचता मेलेले आठ लाखांच्या वर.

दोस्तांनो, हे आकडे पुन्हा वाचा. आपले मोर्चे आजवर ‘दवाखाना द्या’ म्हणत गेले. ते खरंच होतं, आजही कित्येक वस्त्यांना आणि तांड्यांना ते खरं आहे. पण दवाखाना मिळाल्यावर आत काय चालतं, हे आपण विचारलंच नाही. माझ्या बापासारखी माणसं त्या न विचारलेल्या प्रश्नात मेली.

मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत काही संशोधकांनी एक युक्ती केली. साध्या माणसांना शिकवून रोगी बनवलं. एकाच्या छातीत दुखतं, एकाला दम लागतो, एकाच्या घरी लेकराला हगवण लागली आहे. हे लोक डॉक्टरांपुढं जाऊन बसले आणि बाहेर आल्यावर काय झालं ते सगळं लिहून दिलं. २०१२ साली ते छापून आलं. खेड्यात एका रोग्याला सरासरी चार मिनिटंही मिळाली नाहीत. विचारायच्या-तपासायच्या गोष्टींपैकी तिसरा हिस्सा झाला. बरोबर इलाज दहांतल्या तिघांना. यांत बिनडिग्रीचेच जास्त होते, हे खरं. म्हणून वाटेल, डिग्रीवाला आला की प्रश्न मिटला. पण त्याच कामातला पुढचा भाग २०१६ ला आला. तोच सरकारी डॉक्टर सरकारी खुर्चीत पाहिला आणि त्याच्या स्वतःच्या खाजगी दवाखान्यातही पाहिला. खाजगीत तो जास्त वेळ देतो, जास्त विचारतो, बरोबर इलाजही जास्त वेळा करतो. डोकं तेच, हात तोच, फक्त खुर्ची बदलली.

यावर खाजगीवाले टाळ्या पिटतील. म्हणतील, मग विकून टाका सरकारी दवाखाने. त्यांना सांगतो, माझ्या बापाच्या खिशात तुमच्या पायरीचेही पैसे नव्हते. या अभ्यासातून मला दिसतं ते एवढंच, की समोरच्या माणसाला जाब द्यावा लागणार असेल तर हात चालतो. पैसेवाला पैशाच्या जोरावर जाब मागतो. आपल्याकडं पैसा नाही, संघटना आहे. ती आपण या कामाला कधी लावली?

डॉक्टर आपला शत्रू आहे असं मी म्हणत नाही. बाहेर शंभर माणसांची रांग, आत एकटा कंत्राटी पोरगा, बॉण्डचं वर्ष कधी संपतं याची वाट पाहणारा. त्याचाही घाम काढला जातो, आशाताईचा त्याहून जास्त. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावाचं आरोग्य तिच्या डोक्यावर आहे आणि तिला पगार नाही, ‘मोबदला’ आहे. पण सहा डॉक्टर बदलले की रोगी कुणाचाच राहत नाही. २०१८ साली वेगवेगळ्या देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतल्या १८ मध्ये निघालं की तोच ओळखीचा डॉक्टर पुन्हा पुन्हा भेटतो तिथं माणसं कमी मरतात. आपल्या आज्याला हे ठाऊक होतं. व्यवस्थेला ते संशोधन करून सांगावं लागतं, आणि सांगूनही ती ऐकत नाही.

वेल्समधलं ग्लिनकोरग हे कोळसाखाणीचं गाव होतं. तिथं ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डाव्या विचाराचा डॉक्टर खाणकामगारांत राहिला. १९७१ साली त्यानं ‘उलटा नियम’ मांडला: चांगल्या उपचाराची गरज ज्याला जास्त, त्याला तो कमी मिळतो, आणि बाजार जितका मोकळा सोडाल तितका हा नियम कडक चालतो. मांडून तो गप्प बसला नाही. गावातला माणूस खोकल्यासाठी येवो की बोट कापलं म्हणून, त्याच्या दंडाला पट्टा बांधायचाच. आकडा लिहायचा. आला नाही तर बोलवायचं. २५ वर्षांनी हिशोब केला तेव्हा पासष्टीच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या तसल्याच गावापेक्षा कितीतरी कमी निघालं. एक पट्टा, एक वही आणि तोच डॉक्टर. त्यानं मशीन आणली नव्हती. मानोऱ्याला हे परवडत नाही असं कुणी म्हणू नये. बीपीच्या गोळ्या सरकारी यादीत आहेत. २०१७ पासून देशाच्या काही जिल्ह्यांत बीपी मोजून वही ठेवायचं काम सरकारनंच सुरू केलं, त्यात आपल्या विदर्भातलं वर्धाही होतं. म्हणजे रस्ता माहीत आहे.

आता जातीचं बोलू. बापाला पट्टा बांधला नाही तो जातीमुळं, असं मी सिद्ध करू शकत नाही. कागदावर जात लिहिलेली नाही. पण ११ राज्यांतली ५६५ गावं पाहून २००६ साली अस्पृश्यतेवर जे पुस्तक आलं, त्यात दर तीन गावांतल्या एका गावात सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी यायला नकार देत होते. २०२२ साली उत्तर आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांचा अभ्यास आला: वरच्या जातींच्या हिंदूंपेक्षा दलितांचं आयुष्य तीन वर्षांहून जास्त कमी, आदिवासींचं चार वर्षांहून जास्त कमी. गरिबीचा हिशोब काढून टाकला तरी निम्म्याहून जास्त फरक शिल्लकच. तीन वर्षं! खून न करता चोरलेली. यावर ॲट्रॉसिटी लागत नाही, पंचनामा होत नाही.

२०२३ च्या शेवटी या दवाखान्यांचं नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं. मंदिराशी आमचा व्यवहार जुना आहे. १९३० ला नाशिकच्या काळारामाच्या दारात आमचे आजे-पणजे पाच वर्षं लढले, दार उघडलं नाही. या मंदिराचं दार उघडं आहे, हे मान्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाला, तेही मान्य. पण आत गेल्यावर हात लावतात का? की इथंही लांबूनच प्रसाद टाकतात?

आमचा वाशिम २०१८ पासून ‘आकांक्षित जिल्हा’ आहे. त्याच्या गुणपत्रिकेत आरोग्य-पोषणाला शंभरात तीस गुण. किती केंद्रं ‘वेलनेस’ झाली, तेही मोजतात. २०१३ पासून दवाखान्याच्या दर्जाचे राष्ट्रीय निकष आहेत, सत्तर टक्के पडले की प्रमाणपत्र. वाईट नाही, मोजावंच. पण मोजणारे तेच, मार्क देणारे तेच, आणि ज्याच्या अंगावर परीक्षा झाली तो पिशवीत कागद ठेवून मरतो.

चळवळीतले काही दोस्त म्हणतात, "अबे, दवाखाना हा सुधारणावाल्यांचा विषय. आपण अत्याचारावर बोलू." त्यांना विचारतो, १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेब गिरणीतल्या बाळंतिणीच्या पगारी रजेसाठी उभे राहिले, ते काय सुधारणावाले होते? बाईचं अंग, मजुराचं अंग हाच त्यांचा राजकीय प्रश्न होता.

आणि हे आपल्या राज्यात घडलेलंही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० ला काम सुरू केलं, तेव्हा हजारांत १७६ लेकरं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यसेविका केलं, त्यात दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या. पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. ज्या हाताचं पाणी चालत नव्हतं, त्या हातानं गावाची बाळंतपणं केली. दुसरं, २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ झाली. गावानं बसून दवाखान्याला मार्क दिले, जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ते वाचले. दोन-तीन वर्षांत ‘चांगली’ म्हणावी अशी सेवा निम्म्यावरून दोन तृतीयांशाच्या घरात गेली. जाब विचारला, हात चालायला लागला.

म्हणून मानोऱ्याच्या पोरांना माझं सांगणं. वस्तीवस्तीत एक वही करा. दवाखान्यातून आलेल्या प्रत्येकाला पाच गोष्टी विचारा. हात लावून तपासलं का? तिशीच्या वरच्याचा बीपी मोजला का, आकडा कागदावर लिहिला का? काय झालंय ते समजेल असं सांगितलं का? गोळी कशाची ते सांगितलं का? पुन्हा कधी यायचं ते सांगितलं का? सहा महिन्यांची वही घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत बसा. समिती प्रत्येक केंद्राला आहे. बैठक झालीच नसेल तर माहितीच्या अधिकारात तारखा मागा. डॉक्टरची जागा रिकामी असेल तर त्याच वहीत लिहा आणि डॉक्टरसाठीही भांडा.

मागच्या दिवाळीत मी मायला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं गुडघ्याच्या गोळ्या लिहिल्या. मी म्हणालो, मॅडम, बीपी मोजा. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट पट्टा काढला. १७०/१००. दोन मिनिटं लागली. माय आता रोज गोळी खाते आणि ती कशाची ते तिला माहीत आहे.

१४ एप्रिलला मी गावी येतोय. बापाचे अकरा कागद सोबत आणतो. तुमच्या पेटीतले तुम्ही घेऊन या.