वाचलेली मजुरी कुणाची?



‘फायदेशीर कुक्कुटपालन’ या विषयावर आमच्या तालुक्याच्या गावी दोन दिवसांचं शिबिर झालं. मी मुद्दाम गेले होते. हॉलमध्ये साठ-सत्तर पुरुष, आणि आम्ही बाया अकरा. व्याख्याते जाणकार होते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम का ठेवायची, एका पक्ष्याला चौरस फूटभर जागा का लागते, राणीखेतची लस कितव्या दिवशी आणि गंबोरोची कितव्या दिवशी, सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग फळ्यावर जमाखर्च मांडला. वीज, तूस, कोळसा, कर्जाचा हप्ता. मजुरीच्या रकान्याशी आले तेव्हा हसून म्हणाले, “ही तुमची वाचते. घरच्या बायका असतात ना!” आणि त्या रकान्यात शून्य घातलं.

हॉल हसला. आमच्यातल्याही दोघी-तिघी हसल्या. मला काही हसू आलं नाही. गेली नऊ वर्षं मी त्या शून्यात राहते आहे.

आमची पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. करार पद्धतीची. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपनी एक दिवसाची पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते. शेड आपली, वीज-पाणी आपलं, तूस आपलं, कष्ट आपले. चाळीसेक दिवसांनी पक्षी दोन किलोच्या आसपास भरला की कंपनीची गाडी येते, वजन होतं आणि किलोमागे ठरलेला संगोपनाचा दर मिळतो. पक्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत कंपनीच्या मालकीचे. शेड नवऱ्याच्या मालकीची. करार नवऱ्याच्या सहीचा, पैसे नवऱ्याच्या खात्यावर. या सगळ्यात मी कुठे आहे? मी शेडमध्ये आहे.

पिल्लू येतं तेव्हा चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतं. त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंशांची ऊब लागते, मग हळूहळू कमी करत न्यायची. थर्मामीटर टांगलेला असतो खरा, पण खरं मोजमाप पिल्लांकडे पाहूनच होतं. एका जागी ढीग करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच वासून बसली तर उकडतं आहे, सगळीकडे सारखी पसरून चरत असली तर ठीक. हे रात्री दोन वाजताही पाहावं लागतं आणि चार वाजताही. वीज गेली तर पळत जाऊन कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या. अर्ध्या तासाचा उशीर झाला तर पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गुदमरतात, सकाळी ढिगाखालची चेंगरलेली मोजावी लागतात. त्या पहिल्या आठ-दहा रात्री मी शेडच्या दाराशी गोणपाटावर झोपते. माझी मुलगी सहा महिन्यांची होती तेव्हा तिलाही शेजारी घेऊन झोपले आहे. अमोनियाने डोळे चुरचुरायचे, तिचेही आणि माझेही.

पुढे खाद्य. पाच हजारांची बॅच चाळीस दिवसांत साधारण सोळा टन खाद्य खाते. पन्नास किलोच्या तीनशेहून जास्त गोण्या होतात. गाडीतून उतरवायला हमाल येतो. गोदामातून भांड्यापर्यंत, रोज, घमेल्याघमेल्याने कोण नेतं? भांडी पक्ष्याच्या छातीच्या उंचीला वर-वर चढवत न्यायची, नाहीतर खाद्य सांडतं. गादीचं तूस हलवायचं, ओलं झालेलं काढायचं. पडदे वाऱ्याप्रमाणे उचलायचे, पाडायचे. सकाळी मेलेले पक्षी उचलून खड्ड्यात पुरायचे, मरतूक वहीत लिहायची. वही मी लिहिते. सही नवरा करतो.

या धंद्यात हुशारी दशांशात मोजतात. एक किलो वजन भरायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा म्हणजे एफसीआर. तो १.६ आला तर शाबासकी, जादा दर. १.७ आला तर कपात. ऐकायला फरक एका दशांशाचा, पण नऊ हजार सहाशे किलो मालावर तो ९६० किलो खाद्याचा फरक आहे, म्हणजे एकोणीस गोण्या. सांडलेलं खाद्य, भिजलेली गादी, चुकलेला पडदा यांतून त्या गोण्या जातात, आणि बाई जागी राहिली की वाचतात. एका वर्षी आमचा एफसीआर परिसरात सगळ्यांत चांगला आला. कंपनीने सत्कार केला. शाल-नारळ कुणाला मिळालं ते सांगायला नको. मी त्या दिवशी चहाचं बघत होते.

आता तो फळ्यावरचा हिशेब पुन्हा मांडू. दर कंपनीगणिक आणि बॅचगणिक बदलतात, म्हणून सोपे आकडे धरते. पाच हजारांतली दोनशे मेली, उरली ४,८००. दोन किलोने ९,६०० किलो. दर किलोला सात रुपये धरला तर ६७,२०० रुपये. वीज, तूस, कोळसा, चुना, फवारणी यांचे पंधरा हजार वजा. (कोंबडीखत विकून थोडे येतात, ते डागडुजीत जिरतात.) कर्जाचा हप्ता वीस हजार. उरले ३२,२००. फळ्यावर याला ‘निव्वळ नफा’ म्हटलं होतं.

माझी वही काय म्हणते? चाळीस दिवस रोज आठ तास, म्हणजे ३२० तास. पहिल्या दहा रात्रींचे रोज चार तास धरले तर चाळीस. बॅच गेल्यावर गादी खरवडणं, धुणं, चुना मारणं, त्याचे चाळीस. चारशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर पन्नास दिवस. आमच्या भागात शेतावर बाईला दिवसाला तीनशे रुपये मिळतात, त्या दराने पंधरा हजार. नवऱ्याचेही धरू, तो फुकट राबतो असं मी म्हणत नाही. गोण्या, जनरेटर, कंपनीच्या फेऱ्या मिळून वीस दिवस. पुरुषाची मजुरी चारशे. (का चारशे, हा प्रश्न आज बाजूला ठेवते.) आठ हजार. म्हणजे बत्तीस हजार दोनशेपैकी तेवीस हजार ही मजुरी आहे आणि नफा आहे नऊ हजार दोनशे. जो धंदा ‘फायदेशीर’ म्हणून सांगितला जातो, त्याच्या फायद्याचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे घरातल्या बाईला न दिलेली मजुरी आहे. ही मजुरी वाचत नाही, बाईकडून काढून घेतली जाते. आणि एकट्या नवऱ्याकडेही ती राहत नाही. बाई फुकट राबते हे धरूनच कंपनी दर ठरवते. मजूर लावून ही शेड चालवायची म्हटली तर सात रुपयांत कोण चालवेल?

लगेच कुणीतरी म्हणेल, अहो, पैसा घरातच येतो ना? येतो. पण घरात आलेला पैसा कुणाच्या हातात येतो, हे आपण इतकी वर्षं बोलत आलोत. माझ्या आईच्या अंगणात दहा-बारा गावठी कोंबड्या असायच्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, पिल्लं टोपलीखाली झाकायची, आठवड्याच्या बाजाराला अंडी घेऊन जायचं. ते पैसे आईचे. वडील तापट होते, पण अंड्यांच्या पैशांचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही. पुरुषाने कोंबडीचे पैसे मागणं कमीपणाचं वाटायचं. चोळी, मुलींच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं तिकीट त्यातून यायचं. कोंबडी दहाची पाच हजार झाली, अंगणातून पत्र्याखाली गेली, कर्ज आलं, सातबारा लागला, आणि कोंबडी पुरुषाची झाली. शेण-विष्ठा तेवढी बाईकडे राहिली.

हे कागदाचं दुखणं किती खोल जातं ते आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने दाखवलं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. शेडमध्ये तेव्हा बावीस दिवसांची बॅच होती. दहाव्याला ती पिंडाशी बसली होती आणि डोक्यात पडद्यांचा विचार होता, असं तीच सांगते. बॅच तिने पार पाडली. पुढची पिल्लं मागायला गेली तर कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, “वहिनी, करार दादांच्या नावे होता. आता बाईमाणसाच्या नावे एवढा माल कसा सोडायचा?” महिन्याभरात करार दिराच्या नावे झाला. शेड तीच, हात तेच. आता दीर तिला दिवसाचे अडीचशे रुपये देतो. चौदा वर्षं मालकीण म्हणवत राबली तेव्हा तिच्या कामाला दर नव्हता. मालकीण राहिली नाही तेव्हा तो ठरला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही नवऱ्याच्या मिळकतीची पहिल्या वर्गातली वारस आहे. हे तिला ठाऊक नव्हतं, दिराला होतं. वारस नोंदीचा अर्ज आम्ही चौघी तिच्याबरोबर जाऊन दिला आहे.

रोगराई आली की हाच कागद पुन्हा आडवा येतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो पक्षी मारून पुरले. पक्षी मारले तर भरपाई पक्ष्याच्या किमतीची असते. करारात तर पक्षी शेडवाल्याचाही नाही, मग त्याच्यामागे जागणाऱ्या बाईचा कुठून असणार? २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले, कित्येक शेड रिकाम्या राहिल्या. बँकेचा हप्ता थांबला नाही. आमच्या घरचा तेव्हाचा हप्ता माझी पाटली मोडून भरला. नफा होतो तेव्हा तो शेडचा असतो, तोटा झाला की बाईच्या अंगावरच्या सोन्यापर्यंत येतो.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि हे जरा झोंबेल. कोंबडीपालनाच्या योजना आपणही बचत गटांतून राबवल्या. वीस-वीस वनराज, गिरिराजाची पिल्लं वाटली, अहवालात लिहिलं की बायकांनी ‘फावल्या वेळात’ ‘जोडधंदा’ करून संसाराला ‘हातभार’ लावला. हे तिन्ही शब्द कुणाचे आहेत? पहाटे पाचला उठून रात्री दहाला आडव्या होणाऱ्या बाईचा फावला वेळ कोणी पाहिलाय? पुरुषाची शेड म्हणजे धंदा, बाईच्या कोंबड्या म्हणजे जोडधंदा. वीस पिल्लांवर आपण बाईला थांबवतो आणि पाच हजारांच्या कागदाशी जातच नाही, कारण तिथे घरात भांडण आहे.

भांडण टाळूनही बाईचा धंदा उभा करता येत नाही असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या केसला भागात आदिवासी बायांनी ‘प्रदान’ संस्थेच्या मदतीने ब्रॉयलर पाळायला सुरुवात केली. घराशेजारी काही शे पक्ष्यांची लहान शेड, ती बाईची. पिल्लं-खाद्याची खरेदी आणि मालाची विक्री बायांची सहकारी संस्था करते. बाजार पडला तर फटका संस्था अंगावर घेते, बाईला तिच्या पक्ष्याच्या वजनावर आणि खाद्याच्या हिशेबावर मोबदला मिळतो. कंपनी जे करते तेच, पण कंपनी बायांची. तिथे सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. पण सभासद म्हणून नाव बाईचं आहे.

आमच्याकडे मात्र शेड उभ्या आहेत, कर्जं चालू आहेत, त्यामुळे भांडण टळणार नाही. काही मैत्रिणी म्हणतात, मुळात ही करारशेतीच शोषणाची आहे, आधी कंपनीशी लढू, घरातलं मग बघू. ‘मग’ हा शब्द आपण फार ऐकलाय. कंपनीच्या दाराशी जाताना करारावर माझं नावच नसेल तर मी कोण म्हणून जाऊ? चहाचं बघणारी म्हणून? दर वाढवून मागताना मजुरीचा रकाना भरलेला असेल तरच मागणीला जोर येतो. नवऱ्यांनीही हे ऐकावं, कारण शून्य लिहून ते स्वतःचाच दर पाडून घेत आहेत.

चांदवडला १९८६ साली शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीत पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. ‘घर दोघांचं’ ही मागणी गावोगाव पोचली. शेडपर्यंत ती आलीच नाही. म्हणून आमच्या पाच गावांतल्या बायांनी ठरवलंय : करारावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या. पैसे जोडखात्यावर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला शेड दोघांच्या नावे. एक सही करणारा गेला तर दुसरीला पिल्लं नाकारायची नाहीत. आणि कंपनीच्या खर्चपत्रकात घरच्या मजुरीचा रकाना, भरलेला.

माझ्या घरी याला तीन महिने लागले. नवरा आधी हसला, मग रुसला, मग एका रात्री वीज गेलेली असताना शेगड्या पेटवता पेटवता म्हणाला, “बरं, घाल नाव.” अडलंय ते कंपनीत. सुपरवायझर सांगतो, कॉम्प्युटरमध्ये एकच नाव बसतं. ‘ताई, तुमचं म्हणणं वर कळवतो.’ कळवून दोन बॅचा झाल्या.

पुढची पिल्लं यायच्या आधी आम्ही सत्तावीस जणी कंपनीच्या तालुका कार्यालयात जाणार आहोत. प्रत्येकीच्या हातात तिची वही असेल, तासांची. ज्यांच्या भागात शेड आहेत त्यांनी एका बॅचची अशी वही लिहून काढा आणि घरातला करार उघडून पाहा. आम्ही पाहिला तेव्हा सत्तावीसपैकी एकीचंही नाव त्यात कुठे नव्हतं. साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही.