लोकल नावाचे मिथक

२०२०-२१ च्या हंगामात करोनामुळे रणजी स्पर्धा झालीच नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये खेळल्या गेलेल्या विजय हजारे करंडकाला, म्हणजे देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला, एरवीपेक्षा अधिक महत्त्व आले. मुंबईने ती जिंकली. पृथ्वी शॉने आठ सामन्यांत ८२७ धावा काढल्या. या स्पर्धेच्या एका हंगामात आठशेचा टप्पा ओलांडणारा तो पहिला फलंदाज. (पुढे २०२२-२३ मध्ये नारायण जगदीशनने ८३० धावा करून त्याला मागे टाकले.) जयपूरला पुदुच्चेरीविरुद्ध त्याने नाबाद २२७ धावा केल्या. जयपूरलाच १ मार्च रोजी शार्दूल ठाकूरने हिमाचल प्रदेशाविरुद्ध ५७ चेंडूंत ९२ धावा फटकावल्या. १४ मार्चला दिल्लीतील अंतिम सामन्यात मुंबईने उत्तर प्रदेशाला सहा गडी राखून हरवले.

यातला एक मुलगा विरारचा, दुसरा पालघरचा. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात ही दोन्ही गावे येतात. साहजिकच या दोघांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात खेळाइतकीच, किंबहुना खेळापेक्षा जास्त, जागा लोकलने व्यापली आहे. पहाटेची गाडी, खांद्यावरचे किट, गर्दी, परतीची रात्र. आमचा आक्षेप या तपशिलांना नाही. ते खरेच आहेत. आक्षेप आहे तो त्यांच्यातून घडवलेल्या कथेला. गाडीने मुलाला घडवले, अंतराने त्याला कणखर केले, असा त्या कथेचा निष्कर्ष असतो आणि तो धादांत खोटा आहे.

याचा पुरावा त्याच कथांमध्ये आहे, फक्त तो दुय्यम वाक्यांत दडवलेला असतो. शार्दूल बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरात शिकत होता. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला, त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले आणि रोजचा प्रवास वाचावा म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतले. शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार मारल्याचा त्याचा पराक्रम त्यानंतरचा. पृथ्वीच्या कुटुंबालाही पुढे सांताक्रूझ परिसरात राहायला जागा मिळाली. म्हणजे दोघांच्याही आयुष्याला वळण देणारी घटना कोणती? गाडीत चढणे नव्हे. गाडीतून कायमचे उतरता येणे. कोणीतरी अंतर मिटवले, म्हणून गुण दिसले. ज्याचे अंतर मिटले नाही, त्याचे काय झाले हे कोणी लिहीत नाही, कारण त्याची कथाच होत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा रूपबंध अनोळखी नसावा. परीक्षा, गुरुकृपा, साक्षात्कार ही चरित्रकथांची जुनी चौकट आहे. तिच्यात दुःखाला प्रयोजन असते, म्हणून दुःखाचा जाब विचारायचा नसतो. दलित आत्मकथनांनी ही चौकट मोडली. ‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘उपरा’ (१९८०) वाचताना भोगलेले दारिद्र्य हा लेखकाला लाभलेला संस्कार होता, असे आपण वर्गात म्हणू धजत नाही. तेथे दुःख हे समाजव्यवस्थेवरचे आरोपपत्र असते. मग तेच आपण क्रीडापान उघडताच इतके भाबडे का होतो? ‘संघर्ष’ हा शब्द तेथे आरोप न राहता अलंकार कसा होतो?

यावर विचारले जाईल, मग त्या मुलांच्या कष्टांना किंमत नाही काय? आहे. पण कष्टांचे श्रेय मुलाला देणे आणि कष्ट लादणाऱ्या व्यवस्थेला देणे, यांत फरक केला पाहिजे. ‘गाडीने घडवले’ या वाक्यात श्रेय व्यवस्थेकडे जाते आणि ती दोषमुक्त होते. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल जाऊ लागली ती २०१३ मध्ये. तोपर्यंत वैतरणेपलीकडच्या माणसाला शटल आणि मोजक्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भागवावे लागे. या पट्ट्याने देशाला पुष्कळ दिले आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासूनचे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, तिचे दूषित पाणीही आहे. इतके देणाऱ्या भागातल्या मुलाला चांगल्या खेळपट्टीसाठी ऐंशी-नव्वद किलोमीटर जावे लागते, ही प्रेरणादायी बाब नाही. ती लाजिरवाणी बाब आहे.

या कथेचा आणखी एक दोष असा की ती नायकालाही सोडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच हजारे करंडकासाठीच्या मुंबई संघातून पृथ्वीला वगळण्यात आले. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात गेला. तेव्हा तीच कथा उलटी वाचली गेली: एवढ्या खस्ता खाल्ल्या आणि यशाने डोके फिरले! कोवळ्या वयात ज्याला आपण प्रतीक बनवले, त्याला सामान्य माणसासारखे चुकण्याचीही मोकळीक ठेवली नाही.

आमच्या वर्गांतही सफाळे, केळवे, वाणगावहून गाडीने येणारी मुले असतात. पहिला तास त्यांचा अनेकदा बुडतो. त्यांना शार्दूलचे उदाहरण देणे सोपे असते. वेळापत्रक बदलणे कठीण असते. शिक्षकांनी आणि लिहिणाऱ्यांनी आता कठीण ते करावे. वैतरणेच्या उत्तरेला टर्फच्या खेळपट्ट्या किती, प्रशिक्षक किती, सामने किती, हे क्रीडापानावर छापून यावे. तसे झाले तर या भागातला पुढचा गोलंदाज बोईसरमध्ये राहूनच मुंबईकडून खेळेल. त्याच्याविषयी लिहिताना मग लोकलऐवजी त्याच्या गोलंदाजीबद्दल लिहावे लागेल, आणि ते आपल्याला जमते का, हेही कळेल.