यंत्राची कोनशिला आणि रिकामी खुर्ची

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंकरराव चव्हाणांचे नाव आहे, लातूरच्या संस्थेला विलासराव देशमुखांचे. नावांची वाण येथे कधीच नव्हती. तरीही तोंडाच्या कर्करोगाने गाठलेला शेतमजूर वा हमाल परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्याकडे पाणी रेल्वेने येते आणि रोगी रेल्वेने जातात!

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो टपरीवर मिळतो. पण रोग जडल्यावर ‘व्यसनाचे फळ’ म्हणून पाठ फिरवण्याची जी सोज्ज्वळ सवय आपल्या राज्यकर्त्या वर्गाला लागली आहे, तिचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

गालातला व्रण डोळ्यांना दिसतो, त्याची मुळे दिसत नाहीत. जबड्याचे हाड पोखरले आहे काय, चावण्याच्या स्नायूंमागील पोकळीत रोग शिरला आहे काय, मानेतल्या गाठींपर्यंत तो पोहोचला आहे काय, हे सीटी स्कॅन सांगते. जिभेच्या रोगात एमआरआय अधिक उपयोगी पडते. जबडा किती कापावा, की शस्त्रक्रिया करूच नये, याचा निर्णय बऱ्याच अंशी या चित्रांवर अवलंबून असतो. तेव्हा ही चैन नव्हे. उपचाराचा पहिला पाया आहे. आणि रोग चित्रासाठी थांबत नाही. तारीख लांबली की चित्र शिळे होते, कित्येकदा पुन्हा काढावे लागते, आणि दोन्ही वेळची मजुरी बुडते ती रोग्याची.

एक साधी गोष्ट पाहा. गाल आणि हिरडी चिकटलेली असली, तर गाठ मूळची कोणाची हे सीटीच्या चित्रात नीट कळत नाही. म्हणून रोग्याला गाल फुगवून धरायला सांगतात. मध्ये हवा शिरते आणि दोन्ही अलग दिसतात. याला एक पैसा लागत नाही. लागतो तो हे जाणणारा तंत्रज्ञ, समजावून सांगायला दोन मिनिटांची उसंत, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याशी बोलून चित्र वाचणारा क्ष-किरणतज्ज्ञ. सरकारला नेमके हेच महाग वाटते! यंत्र आले की फीत कापली जाते. रिक्त पद भरल्याची कोनशिला कोणी बसवीत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही मनुष्यबळाचाच प्रश्न पुढे आला होता.

यावर ‘खासगी भागीदारी’चा तोडगा सुचवला जातो. कंत्राटदार चित्रांच्या संख्येवर पैसे मोजून घेतो. फुगवलेला गाल त्याच्या बिलात बसत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी हवी, तर तपासणीचे कागद आधी जोडावे लागतात. सरकारी दवाखान्यात तारीख लांबली की ते कागद गरिबाने कर्ज काढून मिळवायचे काय?

दोन्ही अधिष्ठात्यांना कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे: क्ष-किरण विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, मुख-कर्करोगाच्या रोग्याला स्कॅनची तारीख किती दिवसांनी मिळते, आणि अहवाल हाती यायला आणखी किती दिवस लागतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.