पथ्याच्या पहिल्या आठवड्यातील थकवा

माळव्यातील मराठी घरांत सकाळ पोह्यांनी उजाडते, आणि सोबत जिलबी नसली तर पाहुण्यास चुकल्याचुकल्यासारखे होते. अशा घरातील मधुमेही गृहस्थ पोहे, पोळी, भात एकदम वर्ज्य करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय जड होतात, डोके दुखते आणि घरची मंडळी म्हणतात, "अहो, पोटात अन्न नाही, ताकद कोठून यावी?" हा तर्क आम्हांस निम्माच खरा वाटतो.

पिष्टमय पदार्थ घटले की रक्तातील इन्शुलिन उतरते व मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक बाहेर टाकतात. शरीरात साठविलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते; तेही जाते. पहिल्या आठवड्यात वजन उतरते ते बव्हंशी हेच, त्याचे कौतुक नको! पुरेसे पाणी व मीठ घातलेले ताक घेतल्यास हा थकवा बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मिठाविषयी डॉक्टरांस विचारावे. भाताबरोबर तूप, शेंगदाणे, पनीरही सोडणारे खरोखरच उपाशी राहतात. त्यांच्यापुरते मंडळींचे म्हणणे रास्त आहे.

दुसरा थकवा निराळा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन जुन्याच मात्रेत चालू राहिले आणि ताट मात्र हलके झाले, तर साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसताच ग्लुकोमीटर लावावा. आकडा ७० च्या खाली असल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. येथे जिलबी कामाची नाही. तुपामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोहोचते. आमच्या पिढीतील पुरुष थकवा कबूल करीत नाहीत, म्हणून ही नजर घरातील माणसांनीच ठेवावयाची.

डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्यास थकव्यासह मळमळ, उलटी वा धाप लागल्यास ग्लुकोमीटरवर विसंबू नये; आकडा फारसा चढलेला नसतानाही रक्तात आम्ल साचलेले असू शकते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. गोळ्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावयाचे ते भात सोडण्यापूर्वी, नंतर नव्हे.